चार बोटं शेपटी

हिराजीभाऊ ठोंबऱ्यांचं निम्मं बोलणं 'शी' या एका अक्षरात उरकायचं. ओला कोळसा आला, शी. आधीच्या पाळीवाल्याने पाण्याच्या पातळीची काच तेलकट फडक्याने पुसून ठेवली, शी. कँटीनचा चहा, साहेबांचं भाषण, दिवाळीला वाटलेली पातळ स्टीलची ताटं, सगळ्याला शी. पण प्रत्येक शी वेगळी असायची. चहाची नाकातून यायची. कामचुकारपणाची पोटातून यायची आणि तिच्यानंतर ते थुंकायला बाहेर जायचे.

मागच्या आठवड्यात मी जेवत असताना माझ्या जावेने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. निळं आभाळ, त्यात विमानामागे उमटत गेलेली पांढरी रेघ, मागे भेसूर संगीत आणि अक्षरं: 'आपल्यावर विष फवारलं जातंय, जागे व्हा.' घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडून ठेवले होते. मी ताट बाजूला सारलं. किळस आली ती व्हिडिओची नव्हती. हेच सगळं मी एकदा ग्रामसभेत बसून ऐकलं होतं, खोटं आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले होते. त्या दिवशी जो एक माणूस बोलला तो हिराजीभाऊ.

साजगावच्या पुढे एका कागदाच्या कारखान्यात ते बॉयलरवर होते आणि मी प्रयोगशाळेत. रद्दीपासून पुठ्ठा बनवायचा तर लगदा सुकवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरला चांगलं पाणी लागतं. ते पाणी तपासणं माझं काम. म्हणून पाळीत दोनतीनदा मला बॉयलर हाउसमध्ये जावं लागे. मी वर्गात पहिली येऊन नोकरीला लागलेली, ते सातवीनंतर कोळसा ओढत ओढत बॉयलर चालवायचा परवाना मिळवलेले. पहिल्याच दिवशी छपरावरच्या पाइपातून पांढरा लोट निघताना पाहून मी म्हणाले, "केवढी वाफ वाया जातेय!"

"शी!" ते म्हणाले. "कॉलेजात हेच शिकिवलं काय, बाय? ती वाफ नाय."

"मग काय आहे?"

"पाइपाच्या तोंडाशी बघ. काय दिसतं?"

तोंडाशी काही दिसत नव्हतं. वीतभर जागा रिकामी होती आणि तिच्यापुढे पांढरं सुरू होत होतं.

"जिथं काय दिसत नाय ना, तीच वाफ. तिथं बोट घातलंस तर हाड शिजंल. पुढं पांढरं दिसतंय ते गार पडलेलं पानी." मग मान मागे टाकून त्यांनी आभाळाकडे बोट केलं. "आता ते बघ."

खूप उंचावर टिकलीएवढं विमान चाललं होतं. मागे पांढरी रेघ होती, पण ती विमानाला चिकटलेली नव्हती. मध्ये थोडी जागा मोकळी होती. मी लहानपणापासून त्या रेघा पाहत आले होते. ती मोकळी जागा मला कधीच दिसली नव्हती.

"इंधन जाळलं की पानी तयार होतं, हे तुमीच लोक शिकता ना? त्याच्या इंजिनातनं वाफ निघते. वर थंडी अशी की थोडं मागं पडली की बर्फ. बर्फाचा भुगा. त्याची शेपटी."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"वाफेनं," ते म्हणाले आणि काच पुसायला वळले. पुढे कळलं की अर्धं त्यांनी मुलीच्या शाळेच्या पुस्तकांतून घेतलं होतं आणि अर्धं बॉयलर तपासायला येणाऱ्या निरीक्षकाला जेवणाच्या वेळी प्रश्न विचारून विचारून काढलं होतं. निरीक्षक त्यांच्या शेजारी बसायचं टाळत.

शेपटी मोजायची त्यांची एक पद्धत होती. डावा हात सरळ पुढे ताणायचा, एक डोळा मिटायचा, बोटं आडवी जुळवायची आणि शेपटी किती बोटं भरते ते पाहायचं. मग बॉयलर हाउसच्या लोखंडी दारावर आतल्या बाजूने खडूने तेवढी रेघ ओढायची. दोन बोटं, चार बोटं, वीत. शेपटी तोकडी असली तर वर हवा कोरडी, बर्फ लगेच उडून जातो. लांब असली तर वर ओल आहे. आणि लांब होऊन पसरायला लागली, तासाभरात तिचं जाळीदार ढगात रूपांतर झालं, तर ते दारावर 'फिसकटली' असं लिहीत. रेघेजवळ दोन बाणही असत. एक वरच्या वाऱ्याचा, म्हणजे शेपटी कुठे सरकली त्याचा. दुसरा आमच्या चिमणीच्या धुराचा. थंडीच्या सकाळी हे बाण जवळजवळ नेहमी एकमेकांच्या उलट असायचे. वरचा घाटाकडे, खंडाळ्याच्या अंगाला. खालचा घाटाकडून खाली, कारखान्यामागच्या वाडीकडे. हिराजीभाऊंचं घर त्याच वाडीत होतं.

"शोभेला काढताय की काय?" मी एकदा विचारलं.

"तू पानी कशाला तपासतेस? शोभेला?"

ते चुकतही. एका दिवाळीनंतर शेपट्या चार दिवस लांबल्या, पसरल्या, आभाळ दुधट झालं. यांनी भावजयीला, सुंदरावहिनींना, बजावलं की पाऊस येतोय, भात कापू नका. वहिनी थांबल्या. पाऊस आला नाही. भात जास्त पिकून शेतातच झडलं. वहिनी कारखान्याच्या फाटकावर येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय भावजी, आज इमान काय बोललं? चुलीवर भात ठेवू का नको, इचारून सांगा की!" फाटकावरचे वॉचमन हे वाक्य पुढे कित्येक वर्षं वापरत. हिराजीभाऊ आत आले, दारावर मोठ्या अक्षरांत 'चूक' असं लिहिलं आणि खाली लिहिलं, 'शेपटी वरचं सांगते, खालचं नाही.' बाकीच्या रेघा ते महिन्याने पुसत. ती ओळ त्यांनी कधी पुसली नाही. स्वतःलाही शी म्हणणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

मी त्यांना एकदा विचारलं होतं की या शेपट्यांनी काही बिघडतं का. गरम पाइपांवर आम्ही काचेच्या लोकरीचं वेष्टण घालतो, त्याला लॅगिंग म्हणतात. त्यावर थाप मारून ते म्हणाले, "हे काय करतं? ऊब बाहेर जाऊ देत नाय. फिसकटलेली शेपटी तेच करते. दिवसा थोडं ऊन अडवते, तेवढं बरं. पन जमिनीची ऊब वर जायची, ती दिवसा अडवते, रातीलाबी अडवते. शेवटी ऊबच जास्ती होते."

"म्हणजे वाईटच."

"वाईट तर हायच. रोज एवढी विमानं, जगभर. पन विष नाय. वाईट निराळं, विष निराळं. एवढा फरक तर करशील ना?"

मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

मग नवे साहेब आले. रद्दीबरोबर प्लास्टिक येतं. चिकटपट्ट्या, पिशव्या, वेष्टणाचे चकचकीत तुकडे. लगदा करताना ते वेगळं निघतं आणि कारखान्यामागे त्याचा ढीग साठतो. साहेबांनी ढीग पाहिला, कोळशाचा भाव पाहिला आणि प्लास्टिक बॉयलरमध्ये घालायला सांगितलं. हिराजीभाऊंनी आपल्या पाळीत ते घालू दिलं नाही. "नळ्या खाईल ते," एवढंच म्हणाले. म्हणून ते दुसऱ्यांच्या पाळीत, पहाटे पहाटे घालायचं ठरलं. नेमकी तीच वेळ, जेव्हा घाटावरून उतरलेली गार हवा धुराला दाबून वाडीवर नेऊन बसवते.

त्या वर्षी वाडीतल्या वालाच्या पानांवर काळे चिकट कण बसायला लागले. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर. पोपटीसाठी, मडक्यात भाजायला, शेंगा तोडल्या तर बोटं काळी व्हायची आणि साबणाने जायची नाहीत. पोरं खोकायची. वास तर असा की खोपोलीहून आमची कंपनीची बस वाडीजवळ आली की सगळे एकदम खिडक्या लावून घेत. न बोलता. रोज तीसपस्तीस जण तो वास घेत, खिडक्या लावत आणि हजेरी द्यायला आत जात. त्यात मीही होते.

सरपंचांच्या पुतण्याने व्हिडिओ काढला. आधी वाडीवरून गेलेली पांढरी शेपटी, मग वालाचं काळं पान, मग पुन्हा शेपटी. वाडीला तो फार पटला. पटणारच. निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी कारखान्यात होतं. विमानात वाडीतलं कुणीच कामाला नव्हतं.

ग्रामपंचायतीने काय केलं, तर ती पानं एका पिशवीत घालून तपासायला पाठवली. कुठे? आमच्याच प्रयोगशाळेत. जवळ पडते म्हणून. शिवाय ओळखीची बाई आहे म्हणून. मी पानं बरणीत घातली, काळं धुऊन काढलं, थोडं तापवलं. दहा मिनिटं लागली. जळक्या प्लास्टिकचा वास ओळखायला तेवढीही लागत नाहीत. साहेब दारात येऊन उभे राहिले.

"बाई, लिहा की हवेतून आलेला काळा पदार्थ, उगम निश्चित सांगता येत नाही. खोटं काही लिहायला सांगत नाहीये मी. हवेतूनच आलाय ना?"

मी लिहिलं आणि सही केली. कारणं होती. कारणं सगळ्यांकडेच असतात, म्हणून ती इथे सांगत बसत नाही.

हिराजीभाऊ मार्चमध्ये निवृत्त होणार होते. मुलीचं शिक्षण चालू होतं, त्यांना अजून दोन वर्षं काम हवं होतं आणि त्यांनी तसा अर्ज केलेला होता. साहेबांनी त्यांना माझ्यासमोर बोलावलं. "ठोंबरे, अर्ज माझ्या टेबलावर आहे. तुम्हाला त्या विमानांच्या रेघांचं बरंच कळतं म्हणतात. ग्रामसभेत चार शब्द सांगा, वरून काय काय पडतं ते. लोक तुमचं ऐकतात."

"सांगतो," हिराजीभाऊ म्हणाले. त्या वेळी ते शी म्हणाले नाहीत. मला वाटलं, चला, हेही आपल्यातलेच निघाले. आणि खरं सांगते, मला जरा बरं वाटलं.

ग्रामसभा प्रजासत्ताक दिनाला, शाळेत झेंडावंदन झाल्यावर होती. वर्गातल्या टीव्हीवर पुतण्याने व्हिडिओ लावला. बायका 'अगं बाई' म्हणाल्या. मग माझा अहवाल वाचला गेला. साहेबांच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी स्वतःचंच वाक्य ऐकलं. सरपंच म्हणाले, "आता हिराजी सांगंल. त्याचा अभ्यास हाय."

हिराजीभाऊ उठले. "हितं नाय. समदी बाहेर चला. सव्वानवाचं विमान येईल आता."

लोक हसत, कुरकुरत मैदानात आले. आधी एक विमान खालून गेलं, मुंबईला उतरणारं, पोट दिसेल एवढं जवळून.

"ह्याला शेपटी हाय?"

"नाय," पोरं ओरडली.

"आता त्या वरच्याला बघा. हाय? मग फवारायचंच असलं तर खालचा फवारंल का वरचा? रं पोरा, तू वालावर औषध मारतोस तेवा आंब्याच्या शेंड्यावर चढतोस काय?"

मोठा हशा झाला. पुतण्याही हसला.

"आता झेंडा बघा. कुठं फडकतोय?"

झेंडा पनवेलच्या अंगाला फडकत होता. चिमणीचा धूरही तिकडेच कलला होता, म्हणजे आमच्यावर.

"आता शेपटी काठीच्या टोकाशी धरा आन् गप ऱ्हावा."

शंभरेक माणसं माना वर करून उभी राहिली. शेपटी हळूहळू काठीच्या टोकापासून सुटली आणि घाटाकडे सरकत गेली. झेंड्याच्या बरोब्बर उलट.

"ते वर बर्फ हाय. खाली येता येता वाटंतच सुकतं. पन समजा पडलं. तरी पडंल खंडाळ्याच्या पल्याड. तुमच्या वालावर कसं येईल?"

मागून सुंदरावहिनींचा आवाज आला, "मग वालावर काय पडलं, भावजी?"

"नाक हाय ना सगळ्यांना?" ते म्हणाले. "माज्या बॉयलरात प्लास्टिक जळतं. माज्या पाळीत नाय. पन बॉयलर माजाच हाय."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. माझी सही त्यांनी नुकतीच ऐकली होती. 'ही सांगेल' एवढं ते म्हणाले असते, तर मला बोलावंच लागलं असतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. मी चपलेच्या पट्ट्याकडे पाहत राहिले.

मग कुणीतरी म्हणालं, "कारखाना बंद पडला तर तू देशील काय रं काम?" पुतण्या म्हणाला, "काका, तुमी शास्त्रज्ञ हाय का?" आणि पुन्हा हशा झाला, या वेळी दुसऱ्या बाजूने. सगळे वर्गात परतले आणि ठराव झाला की या वाडीवरून जाणाऱ्या विमानांचा मार्ग बदलावा असं पत्र विमानतळाला पाठवावं. हात वर करून मंजूर. सुंदरावहिनींचा हात खाली होता. माझा हात मोजायचा नव्हता, मी त्या गावची नव्हते. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

हिराजीभाऊ वर्गाच्या दारात उभे होते. त्यांनी शी म्हटलं, पण इतकं हळू की ते फक्त ओठांवर दिसलं.

अर्जाचं काय झालं ते सांगायला नकोच. मार्चमध्ये त्यांना नारळ आणि शाल दिली. त्याआधी आठ दिवस बॉयलर हाउसचं दार हिरव्या ऑइलपेंटने रंगवून घेतलं होतं, आतूनबाहेरून. रेघा, बाण, 'चूक', सगळं त्याखाली गेलं.

पुढच्या पावसाळ्यात बॉयलरच्या नळ्या गळायला लागल्या. आतून नाही, आगीच्या बाजूने खाल्लेल्या. माझं पाणी चांगलं होतं. कारखाना तीन आठवडे बंद ठेवून नळ्या बदलल्या आणि साहेबांनी हुकूम काढला की बॉयलरमध्ये प्लास्टिक घालायचं नाही. माणसांच्या छातीसाठी नाही. नळ्यांसाठी. हिवाळा आला आणि वाल स्वच्छ आला.

वाडीच्या बस थांब्यावर एक मोठा फ्लेक्स लागला. त्यावर पुतण्या, हात जोडलेला, मागे आकाशात झेपावणारं विमान. 'वाडीवरील विषारी विमानांचा मार्ग बदलून आणल्याबद्दल जाहीर आभार.'

हिराजीभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते त्या फ्लेक्सखाली. माझी बस चुकली होती, रिक्षाने येत होते, त्यांना पाहून उतरले. स्वेटर, मफलर, डावा हात ताणलेला, एक डोळा मिटलेला.

"किती?" मी विचारलं.

"चार बोटं. सव्वानवाचंच हाय." त्यांनी हात खाली घेतला. "काय बाय, पानी बरं हाय?"

"बरं आहे."

"ती पानं धुतलेलं पानी? हाय, का फेकलंस?"

फेकलं नव्हतं. बाटली कपाटात मागच्या फळीवर होती. ती मी का ठेवली होती ते मलाही सांगता आलं नसतं. पण पानं मी धुतली हे त्यांना ठाऊक कसं, ते मी विचारलं नाही. "आहे," मी म्हणाले.

"लेबल हाय तिच्यावर? कुठलं पानी, कवाचं?"

"नाही."

"शी," ते म्हणाले. चहाची नाही, पोटातली. पण थुंकायला गेले नाहीत. पुन्हा हात वर करून शेपटी मोजायला लागले.

थांब्यावर दोन बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "खुळावलाय गं हिराजी. इमानं बंद होऊन वरीस झालं, तरी बघत बसतोय."

वर ते विमान चाललं होतं, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या वाटेने. शेपटी घाटाकडे सरकत होती.

"वर बघा की जरा," मी तिला म्हणाले. एवढं बोलायला मला वर्ष लागलं होतं.

"नको बाय," ती पदर कपाळावर ओढत म्हणाली, "ऊन लागतंय डोल्यांना."

हिराजीभाऊंनी ऐकलं असावं. त्यांनी वळून पाहिलं नाही. फक्त चौथं बोट मिटलं. शेपटी तीन बोटांची झाली होती.